सुवॉनचा ह्वासॉन्ग किल्ला : नऊ महिन्यांतील पाच फेऱ्यांनंतरचा अनुभव

सोलमध्ये राहायला आल्यापासून गेल्या नऊ महिन्यांत सुवॉनच्या ह्वासॉन्ग किल्ल्याची एक दिवसाची सहल मी पाच वेळा केली आहे. शनिवार-रविवारपैकी एकच दिवस हाताशी असेल आणि पारंपरिक कोरिया पाहायचा असेल, तर राजधानीतील राजवाड्यांच्याही आधी मी याच जागेचे नाव सुचवतो. पहिली फेरी मात्र वाया गेली. एका सहल कंपनीच्या बसने एका दिवसात तीन ठिकाणे उरकली आणि किल्ल्याच्या वाट्याला जेमतेम पन्नास मिनिटे आली. पुढच्या चारही वेळा मी मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गाने गेलो. सोलहून सुमारे तासाभरात सुवॉन येते, स्थानकाबाहेर शहर बस मिळते, आणि सकाळी लवकर तटावर पाय ठेवला तरच दिवस पुरतो.

या किल्ल्यामागची हकिकत ठाऊक असल्याशिवाय तेथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जोसॉन घराण्याचा राजा जॉन्गजो लहान असताना, १७६२ मध्ये, त्याचे वडील युवराज सादो यांना त्यांच्याच वडिलांच्या आज्ञेने धान्याच्या लाकडी पेटाऱ्यात कोंडण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. गादीवर आल्यानंतर जॉन्गजोने १७८९ मध्ये वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली आणि १७९४ ते १७९६ या काळात हा किल्ला बांधून घेतला. काम सुरू असतानाच, १७९५ मध्ये, त्याने आई हेग्योंग यांच्या साठीचा सोहळा येथील हेन्गगुन्ग या प्रवासी राजवाड्यात केला. सादो आणि हेग्योंग एकाच वर्षी जन्मलेले असल्याने वडीलही त्याच वर्षी साठ वर्षांचे झाले असते. कोरियन पंचांगातही आपल्या संवत्सरांसारखे साठ वर्षांचे चक्र आहे, त्यामुळे तेथेही साठीला विशेष मान. एप्रिलमध्ये माझी आई आली होती आणि तिची साठीशांत नुकतीच झाली होती. मी हे सांगितल्यावर तो सोहळा जेथे झाला त्या बोंग्सुदांग दालनाच्या पायरीशी ती बराच वेळ उभी राहिली. "म्हणजे मुलाने आईची साठी केली आणि मनात बापाचीही केली," एवढेच ती म्हणाली. राजवाड्यासमोर सकाळी अकराच्या सुमारास जॉन्गजोच्या काळातील चोवीस युद्धकलांची प्रात्यक्षिके होतात, ती चुकवू नयेत. सोमवारी ती नसतात.

तटबंदीची लांबी सुमारे ५.७ किलोमीटर आहे. गडकिल्ले फिरलेल्या माणसाला येथे ओळखीच्या खुणा पावलोपावली सापडतात. दरवाज्यापुढे अर्धवर्तुळाकार भिंत आहे, बुरूज आहेत, चोरदरवाजेही आहेत. तटाच्या माथ्यावरील चर्यांतल्या जंग्यांकडे, म्हणजे मारा करण्यासाठीच्या छिद्रांकडे, मात्र तिसऱ्या फेरीत माझे नीट लक्ष गेले. प्रत्येक चर्येला तीन जंग्या आहेत. कडेच्या दोन जवळजवळ सरळ जातात, तर मधली इतकी तिरकी उतरते की डोळा लावल्यावर थेट तटाच्या पायथ्याचे गवत दिसते. दूरच्या शत्रूसाठी दोन आणि भिंतीला भिडलेल्यासाठी एक, असा तो हिशेब आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती या बांधकामाची नोंद. जॉन्ग याक-योन्ग या विद्वानाने कप्प्यांवर चालणारे दगड उचलण्याचे यंत्र याच कामासाठी तयार केले. ते यंत्र, इमारतींची रेखाटने, साहित्य, कारागिरांची नावे आणि त्यांची मजुरी हे सर्व 'ह्वासॉन्ग सॉन्गयॉक उइग्वे' या १८०१ मध्ये छापलेल्या ग्रंथात नोंदलेले आहे. कोरियन युद्धात उद्ध्वस्त झालेला उत्तरेचा जांगानमुन दरवाजा १९७० च्या दशकात पुन्हा उभा राहिला, तो या ग्रंथाच्या आधारे. १९९७ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. आपल्या गडांवर घाम गाळलेल्या पाथरवटांची अशी यादी हाती असती तर, हा विचार माझी दर फेरीत पाठ सोडत नाही. पूर्वेच्या चांगर्योंगमुन दरवाज्याजवळच्या भिंतीत काम पाहणाऱ्यांची आणि पाथरवटांची नावे कोरलेला दगड आहे. अक्षरे झिजली आहेत, पण बोट फिरवले की कळतात.

मार्गाविषयी थोडे. दक्षिणेच्या पाल्दालमुन दरवाज्याभोवती आता रहदारीचे वर्तुळ आहे, तेथे तट तुटतो आणि वाट बाजारातून जाते. तेथून पाल्दालसान टेकडीच्या माथ्यावर चढणाऱ्या पायऱ्या दमवणाऱ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी तो भाग सोडून सात कमानींच्या ह्वाहोंगमुन या जलद्वारापासून चांगर्योंगमुनपर्यंतच्या सौम्य चढ-उताराच्या वाटेने जावे. आईला ती सहज झेपली. जुलैत मात्र दमट उकाड्याने आम्ही दुपारीच परतलो. ऑक्टोबर सर्वांत उत्तम.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची सोय आधी पाहावी. सुवॉन गोमांसाच्या बरगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, बाजाराजवळची एक गल्ली अख्ख्या तळलेल्या कोंबडीची आहे, आणि किमचीतही बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळी असते. आम्ही डबा नेतो आणि बाजारात फक्त गरम होत्तोक, म्हणजे गोड सारणाची तव्यावरची पोळी, घेतो. आतला गुळचट पाक जीभ भाजतो, म्हणून पहिला घास जपून घ्यावा. तो कागदात धरून ह्वाहोंगमुनजवळच्या तळ्याकाठी बसावे. वर बांगह्वासुर्यूजॉन्ग हा मंडप दिसतो, आणि दिवे लागेपर्यंत तेथून उठावेसे वाटत नाही.