आर्लिंग्टन दफनभूमी (अमेरिकी सैनिकांची), व्हर्जिनिया : पाचपैकी साडेतीन तारे

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो तरी नजर आधी नाल्याकडेच जाते. त्यामुळे लेकीकडे आल्यावर केनेडींच्या समाधीवरची ज्योत बघितली आणि सरळ वायव्य टोकाच्या मिलेनियम भागाकडे निघालो. जावईबापू वैतागले, चालायचंच.

२७ एकरांचा हा तुकडा २०१८ मध्ये खुला झाला. सुमारे २७ हजार दफनांची सोय त्यात आहे, पण त्यासाठी आर्लिंग्टन हाऊस या आवारातल्या जुन्या वाड्याजवळच्या जंगलातली शेकडो झाडं गेली. २०१३ च्या पर्यावरण अहवालाचा निष्कर्ष काय, तर ‘लक्षणीय परिणाम नाही’! नवी झाडं लावली, हे मान्य. पण जुन्या ओकच्या मुळांनी उतारावरची माती धरून ठेवलेली असते. ते काम काठीला बांधलेलं रोप उद्या सकाळपासून करत नाही. एक तारा इथेच कापला.

या तुकड्यातून वाहणाऱ्या ओढ्याचं काम मात्र झकास. सरळ काँक्रीटचा गटार करून मोकळे झाले नाहीत. आमच्याकडच्या नाला ‘सुशोभीकरण’वाल्यांनी येऊन बघावं.

दफनभूमीच्या दक्षिणेकडच्या विस्ताराची कल्पना मला जास्त पटते. तिथे नौदलाच्या पाडलेल्या जुन्या कार्यालयांची जागा वापरलीय आणि कोलंबिया पाईक रस्ताच वळवलाय. जंगल तोडण्यापेक्षा डांबर उखडलेलं केव्हाही बरं.

प्रवेश फुकट, पण ओळखपत्र लागतं. ट्रामचं तिकीट वेगळं. गुडघे दुखत असतील तर काढाच, चढ आहे.