घटस्फोटाच्या वकिलाकडची पहिली भेट: पाचपैकी चार तारे

लग्नाचा दाखला, तीन वर्षांची बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं, गृहकर्जाचे आणि विम्याचे कागद अशी जाडजूड फाइल काखेत मारून गेलो होतो. वकीलबाईंनी ती न उघडताच बाजूला सरकवली. "तारखा लिहून आणल्यात?"

नशीब, आणल्या होत्या. आदल्या रात्री ताईने समोर बसवून एका पानावर उतरवून घेतल्या होत्या: लग्न, घराची खरेदी, मुलीचा जन्म, वेगळं राहायला लागलो तो दिवस. या शेवटच्या तारखेभोवती बाईंनी पेन्सिलीने गोल काढला आणि वीस मिनिटं तिथेच गेली. मी भांडणांचं पुराण लावणार, तेवढ्यात म्हणाल्या, "ते नंतर. घराचे हप्ते कोणाच्या खात्यातून जातात?" राग आला. पण मीटर माझ्याच पैशांवर चालू होतं. मन मोकळं करायला ताई आहे, फुकट.

वेळ ठरवतानाच त्यांच्या ऑफिसने बायकोचं पूर्ण नाव विचारलं होतं. भोचकपणा वाटला. ती आधीच त्यांची अशील नाही ना, एवढंच बघायचं होतं. ताईलाही बाहेर बसवलं. तिसरं माणूस आत असलं की बोलण्याच्या गोपनीयतेवर बोट ठेवायला जागा राहते म्हणे.

मेसेज पुसायचे नाहीत, संयुक्त खातं रिकामं करायचं नाही, पासवर्ड बदलायचे, हे भराभर सांगून झालं. मग विचारलं, "तुमचे मेसेज आणखी कुठे दिसतात?" पोटात गोळाच आला. मुलगी ज्या टॅबवर चित्रं रंगवते, तो माझ्याच खात्यावर चालतो. या भेटीची आठवणसुद्धा तिथे झळकली असणार.

निकालाची हमी मात्र त्यांनी दिली नाही. याआधी एकांना फोन केला होता, त्यांनी कागदही न बघता "मुलगी तुमच्याकडेच" म्हणून टाकलं होतं. ऐकायला इतकं गोड वाटलं की पुन्हा फोनच केला नाही.

एक तारा कापला तो फीपायी. तासाचा दर पटकन सांगितला, पण ईमेलच्या उत्तराचेही पैसे लागतात का, हे तीनदा विचारावं लागलं. लागतात. आणि कोर्टात बहुतेक तारखांना ज्युनिअर उभा राहणार. हे सगळं लेखी मागितलंय. कागद आला की ताई वाचेल, मग सही.