अंधारीत कोणती एडिशन न्यायची?

परवा लातूरहून एका पोराचा फोन आला. "दादा, डंजन्स अँड ड्रॅगन्सची जुनी एडिशन खेळायचीय. रूमवर आम्ही पाच जण आहोत, क्लासमुळे वेळ फक्त रविवारचा. कोणती घेऊ?" फोनवर जमेल तसं सांगितलं, पण अर्धंच सांगितल्यासारखं वाटत राहिलं. म्हणून हे सविस्तर. हा टेबलाभोवती बसून खेळायचा कल्पनेचा खेळ: एक जण, म्हणजे डीएम, भुयारं (डंजन) आणि धोके मांडतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर, म्हणजे पात्र, चालवतात, आणि निकाल फाशांवर लागतो. एडिशन म्हणजे त्याच्या नियमांची आवृत्ती.

माझा हिशोब सोपा आहे. एडिशन कोणतीही असो, मी आधी एकच जागा खेळून बघतो, ती म्हणजे आपल्या देवगिरीची अंधारी. खंदक ओलांडून वर गेलं की तो वळणावळणाचा काळोखा बोगदा लागतो. शाळेच्या सहलीत तिथं वटवाघळांचा वास घेत एकमेकांचे शर्ट धरून चाललेल्यांना डंजन म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४चा, एका डब्यात तीन पुस्तिका. पुढं त्याला दोन फाटे फुटले, 'बेसिक' आणि 'अॅडव्हान्स्ड'. बेसिक संपवून अॅडव्हान्स्डला जायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. दोन्ही वाटा वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चालल्या आणि दोन्ही आपापल्या जागी पूर्ण आहेत.

१९८१चा बेसिक-एक्स्पर्ट संच, ज्याला सगळे बी-एक्स म्हणतात, माझा आवडता. प्रत्येकी ६४ पानांची दोन पुस्तकं, पहिल्यात लेव्हल (कॅरेक्टरची पायरी) १ ते ३, दुसऱ्यात ४ ते १४. एल्फ किंवा ड्वॉर्फ ही जमात हाच इथं क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, असतो, त्यामुळं कॅरेक्टर चहा होईपर्यंत तयार. आता अंधारीत शिरा. खेळातला एक टर्न म्हणजे दहा मिनिटं आणि मशाल जळते सहा टर्न. दर दोन टर्नला डीएम सहा बाजूंचा फासा टाकतो, एक पडला की काहीतरी चालत येतं. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडं एकच मंत्र. त्यानं उजेडाचा 'लाइट' घेतला तर झोपवणारा 'स्लीप' नाही. क्लेरिककडं, म्हणजे पुजाऱ्याकडं, तर पहिल्या लेव्हलला मंत्रच नाही. चोराला सापळा सापडण्याची शक्यता दहा टक्के! म्हणून पोरं फाशावर विसंबत नाहीत. बांबूनं जमीन चाचपतात, पाणी ओतून ते कुठं मुरतं ते बघतात, धूर कुठून येतो विचारतात. वर एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभवाचा गुण), म्हणजे लढण्यापेक्षा माल घेऊन निसटण्यात फायदा. अलाउद्दीन खिलजीच्या वेढ्यात देवगिरीच्या कोठारात धान्याऐवजी मिठाची पोती निघाली, अशी गोष्ट सांगतात. ही एडिशन नेमकी त्या पोत्यांची आहे. बरोबर काय आणि किती घेतलं यावर जगणं-मरणं ठरतं.

तोटाही सांगतो. कॅरेक्टर पटापट मरतात. जादूगाराला पहिल्या लेव्हलला चार बाजूंच्या फाशाएवढे हिट पॉइंट्स (जिवाचे गुण), म्हणजे कधीकधी एकच. ज्याला स्वतःच्या हिरोवर जीव लावायचाय तो दुसऱ्या रविवारी रुसतो. आमच्यात एक रुसलाच होता, तीन आठवडे.

याच फाट्यातलं १९९१चं रूल्स सायक्लोपीडिया एकाच जाड पुस्तकात लेव्हल ३६ पर्यंत नेतं. वर्षभर एकच मोहीम चालवणाऱ्यांनी ते बघावं.

अॅडव्हान्स्डच्या पहिल्या एडिशनची मुख्य तीन पुस्तकं १९७७ ते १९७९ या काळात आली. वाचायला लई मजा, खेळायला डोकेदुखी. प्रत्येक शस्त्राचा प्रत्येक चिलखतावर वेगळा परिणाम सांगणारा तक्ता आहे, तो आम्ही एकदाही नीट वापरला नाही.

१९८९ची सेकंड एडिशन लोक 'थॅको' या एका शब्दाला घाबरून सोडतात. थॅको म्हणजे आर्मर शून्य असलेल्याला वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर लागणारा आकडा. उगीच. थॅको २० असेल आणि समोरच्याचं आर्मर ४, तर २० वजा ४, म्हणजे १६ किंवा जास्त पडलं की वार लागला. वजाबाकी येते ना, मग झालं. उलटं वाटतं ते एवढंच की आर्मरचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम. या एडिशनची खरी ताकद तिच्या जगांत आहे. डार्क सनचं पाण्यावाचून करपलेलं जग आमच्या बीडच्या खेळाडूनं लगेच ओळखलं. "हे तर आमचंच मे महिन्यातलं शिवार," म्हणाला. अमेरिकेतल्या पालकांच्या ओरडीमुळं तेव्हा या एडिशनमधून असॅसिन (मारेकरी) हा क्लास गाळला आणि सैतानांची नावंसुद्धा बदलली; वाचताना त्याची गंमत वाटते. अंधारीत मात्र ही बी-एक्सपेक्षा सैल पडते. सोन्यावर एक्सपी इथं ऐच्छिक झालाय आणि पोरं माल सोडून गोष्टीमागं लागतात. गोष्टच हवी असेल तर तेच बरं.

हा खेळ काढणारी टीएसआर कंपनी १९९७मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टनं विकत घेतली आणि २००० साली थर्ड एडिशन आली. २००३ची थ्री पॉइंट फाइव्ह ही तिचीच दुरुस्ती. इथं सगळं सरळ: वीस बाजूंचा फासा, त्यात बेरीज, जास्त ते चांगलं. ज्याला आकड्यांचं वेड आहे त्याला स्वर्ग. पण आमच्या गटात एका इंजिनिअरिंगवाल्यानं कॅरेक्टर बनवायला अख्खी दुपार घेतली, आणि बाकीचे मोबाइल बघत बसले. पुढं तोच एकटा सगळ्यांच्या वाटणीच्या लढाया जिंकू लागला. अंधारीतली भीतीही पातळ होते. धोका अंगावर नसेल तर 'टेक ट्वेंटी' म्हणायचं, दोन मिनिटं शोधलं असं धरायचं, वीस पडल्यासारखं मोजायचं. बांबू घरीच राहतो.

२००८ची फोर्थ एडिशन चौकोनांच्या नकाशावरची लढाई म्हणून उत्तम आहे, आणि लोक तिला देतात त्या शिव्या तिच्या वाट्याला यायला नको होत्या. पण एकेका लढाईत तास जातो. रविवारच्या तीन तासांत अंधारीचं पहिलं वळणसुद्धा येत नाही.

मग लातूरच्या पोरांनी काय करावं? बी-एक्स. त्यातही पैसे घालण्याआधी बेसिक फँटसी हा खेळ उतरवून घ्या. त्याची पीडीएफ फुकट आहे, घडण बी-एक्सचीच, पण आर्मरचा आकडा सरळ वर जातो आणि एल्फला क्लास निवडता येतो. खेळाडूंना लागणारी पानंच झेरॉक्सवाल्याकडून काढून स्पायरल करा, दोन प्रती पुरतात. आवडलं तर जुन्या पुस्तकांच्या अधिकृत पीडीएफ विकत मिळतात. जुन्या छापील प्रतींच्या नादी आत्ताच लागू नका. थ्री पॉइंट फाइव्ह फक्त तेव्हाच घ्या, जेव्हा पाचातल्या तिघांना तरी नियम वाचायची आवड असेल. तिचे मूळ नियमही फुकट वाचता येतात. एकाच्याच हौसेवर घेतलीत, तर डीएमचं काम आणि चार जणांची कॅरेक्टर शीट त्याच्याच गळ्यात पडतील.

फासे नसतील तर मोबाइलवरचं अॅप चालतं. फक्त मशालीचे टर्न कागदावरच मोजा, सगळ्यांना दिसतील असे.