दहांत धरतात का? अमेरिकेत सिनेगॉग निवडताना

मंगळवारची संध्याकाळ, बाहेर बर्फाचा चिखल आणि आत आम्ही नऊजण. यहुदी सामूहिक प्रार्थनेला दहाजण लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. पण माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत हा जुना संकेत. म्हणून रब्बी (धर्मगुरू) स्तोत्रातली एक ओळ म्हणत एकेका चेहऱ्यावर एकेक शब्द ठेवत होते: 'होशिया एत अमेखा...' ओळीत शब्द बरोबर दहा. शेवटचा 'हाओलाम' उरला. तेवढ्यात पार्किंगमधून धापा टाकत एक आजी आल्या, तो शब्द त्यांच्यावर पडला आणि प्रार्थना सुरू झाली.

मला ठाण्याच्या सिनेगॉगमधली (यहुदी प्रार्थनाघरातली) बायकांची गॅलरी आठवली. वर आम्ही वीस बायका असलो तरी खाली पुरुष नऊच असले, तर दहाव्याची वाट बघत बसायचं.

रोश हाशाना (यहुदी नववर्ष) जवळ आला की भारतातून नव्याने आलेल्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, लोकांचे फोन येतात: न्यू जर्सीत आलोय, नाव कुठे घालू? तिकडे हा प्रश्नच नसतो. आजोबा ज्या मशिदीत जायचे (आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत) तीच आपली. इथे गाडीने वीस मिनिटांच्या आत ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्म अशी तिन्ही पंथांची दारं उघडी असतात. कॉन्झर्व्हेटिव्ह या नावावर जाऊ नका. आज त्यांची बहुतेक मंडळं समानतावादी आहेत, म्हणजे विधींत स्त्री-पुरुष भेद नाही. रिफॉर्म तर तसं आहेच. त्यामुळे खरा प्रश्न असा की समानता हवी असेल, तर ती कोणत्या प्रकारची?

शब्बाथची, म्हणजे शनिवारची, सकाळ घ्या. ऑर्थोडॉक्समध्ये मेखित्सा असते, म्हणजे मधला पडदा किंवा जाळी. सगळी प्रार्थना हिब्रूत, वाद्य नाही, सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) वाचायला चौथऱ्यावर पुरुषच चढणार. आपल्याला सगळ्यात ओळखीचं वाटेल ते हेच. कॉन्झर्व्हेटिव्हमध्ये क्रम जवळजवळ तोच, हिब्रूही तेवढीच आणि वेळही तेवढाच, अडीच-तीन तास. पण वाचायला बाई चढते, प्रार्थना बाई चालवते, रब्बीही बाई असू शकते. सकाळच्या आशीर्वादांत पारंपरिक पुस्तकातला पुरुष 'मला बाई केलं नाहीस' म्हणून देवाचे आभार मानतो. इथे सगळेच 'तुझ्या प्रतिमेत घडवलंस' म्हणतात. अमिदा या मुख्य प्रार्थनेच्या सुरुवातीला आब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या पुढे सारा, रिबका, राहेल, लेआ ही नावंही बऱ्याच ठिकाणी येतात. पहिल्यांदा ऐकताना मी अडखळले होते. आता ती नावं गाळली गेली की अडखळते.

रिफॉर्ममध्ये प्रार्थना आटोपशीर, बरीचशी इंग्रजीत, गिटार किंवा ऑर्गन चालतो. कोणी तुमची हिब्रू तपासत नाही. ज्यांच्या घरी एक जोडीदार यहुदी नाही, त्यांना तिथे सगळ्यात कमी अवघडल्यासारखं होतं. वडील यहुदी आणि आई नाही अशा मुलांना, ती यहुदी म्हणूनच वाढवली असतील तर, रिफॉर्मने १९८३पासून यहुदी मानलं. बाकी दोघे मानत नाहीत. चाल मात्र तिन्हीकडे परकी वाटेल. आपली पद्धत सेफार्दी (स्पेन-मध्यपूर्वेकडची), इथली बहुतेक ठिकाणी आश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातली). वर्षभर कान त्रास देतो, मग सवय होते.

'हे सगळं अमेरिकन फॅड आहे' असं आमचे एक काका म्हणतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. एक, तालमूद या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहातल्या मेगिला ग्रंथात म्हटलंय की शब्बाथच्या सात वाचकांत बाईसुद्धा चढू शकते, फक्त 'समाजाच्या मानाखातर' तिने वाचू नये. म्हणजे अडचण नियमापेक्षा मानाची होती. दोन, १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारक संस्था स्थापन झाली, तीही एका बेने इस्राएल बाईच्या पुढाकाराने: कामा हॉस्पिटल सांभाळणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड. लंडनला शिकायला गेल्या असताना त्यांनी तिथल्या लिबरल, म्हणजे सुधारक, यहुद्यांची प्रार्थना पाहिली होती. अमेरिकेत कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींनी बायकांना मिन्यानमध्ये मोजायला अधिकृत मोकळीक दिली ती १९७३ साली, आणि त्यांची पहिली बाई रब्बी झाली १९८५मध्ये. दिल्लीच्या जुदा हायम सिनेगॉगमध्येही बायका मोजल्या जातात. दहा माणसं जमण्याची मारामार असली की शहाणपण लवकर येतं, हे माझं मत.

मुलगी असेल तर निवड बरीच सोपी होते. सिनेगॉगमधली अमेरिकेतली पहिली गाजलेली बात मित्झ्वा (मुलगी धर्माच्या दृष्टीने वयात आल्याचा विधी) १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये झाली, रब्बी मोर्देखाय कॅप्लान यांच्या मुलीची, ज्युडिथची. आज समानतावादी मंडळात बारा-तेरा वर्षांची मुलगी हफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा) म्हणते, बऱ्याचदा तोराही वाचते. पण तयारीला वर्ष जातं. माझ्या मुलीने हेडफोन लावून स्वरचिन्हं घोकली, दर बुधवारी क्लास, आणि सॉकर सुटलं म्हणून माझ्याशी अबोला. ऑर्थोडॉक्समध्ये मुलीचा कार्यक्रम होतो, छोटं भाषण होतं, पण सहसा एवढी मेहनत नसते. तुमच्या मुलीला यांतलं काय पेलेल, तिलाच विचारा.

आता ज्या गोष्टीवर माझं ठरलं ती सांगते. आई गेली तेव्हा भाऊ इस्राएलला, मी इथे. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, अकरा महिने रोज म्हणायचा असतो आणि त्याला मिन्यान लागतं. काही ऑर्थोडॉक्स ठिकाणी बाईला आपल्या बाजूने कद्दीश म्हणू देतात, पण दहांत तिला धरत नाहीत. रिफॉर्ममध्ये मला कोणीही आनंदाने उभं केलं असतं, तिथे दहाचा आग्रहही नसतो. पण बहुतेक रिफॉर्म मंडळांत रोजची प्रार्थनाच नसते, शुक्रवार-शनिवारीच काय ते. रोज संध्याकाळी दार उघडं आणि मी पूर्ण माणूस, अशी जागा मला कॉन्झर्व्हेटिव्हमध्येच सापडली. त्याची किंमतही आहे. ज्याला मोजतात त्याची गैरहजेरीही मोजतात. अकरा महिने संपल्यावर मेसेज आला, 'गुरुवारी आठच आहोत, येशील?' गॅलरीत असताना असा निरोप मला कधी आला नव्हता. दमून घरी आल्यावर तो वाचायला नेहमीच बरं वाटतं असं नाही.

स्वयंपाकघराचं आधी विचारून घ्या. एलियाहू हानाबीचा (संदेष्टा एलिया यांच्या नावाचा) मलिदा इथे कोणाला माहीत नसतो. कोशर, म्हणजे आहाराचे धर्मनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात घरचं शिजवलेलं सहसा नेता येत नाही. मलिद्याला पोहे, गूळ, खोबरं, फळं तिथल्या भांड्यांत कालवली तर ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह दोघेही बहुधा हो म्हणतात. आमच्याकडे नारळ फोडायला कोयता नव्हता, तेव्हा रखवालदाराने हातोडी दिली. रिफॉर्ममध्ये नियम सहसा सैल, डबा घरून आणता येतो. पेसाखला (वल्हांडण सणाला) आपल्याकडे भात चालतो, आश्केनाझी खात नसत. कॉन्झर्व्हेटिव्हांनी २०१५ साली त्यालाही परवानगी दिली, तरी जुनी मंडळी ताटाकडे बघतातच.

पैशाचं तिन्हीकडे थोडंफार सारखंच: वार्षिक वर्गणी, आणि ती जड वाटली तर ऑफिसात सांगितल्यावर कमी होते. लाजू नका. गाडीचा मुद्दा मात्र मोठा आहे. ऑर्थोडॉक्स निवडलंत तर शब्बाथला गाडी चालवायची नसते, म्हणून चालत जाण्याइतकं जवळ घर हवं, आणि तिथली भाडी आधी बघा. कॉन्झर्व्हेटिव्हांनी १९५०मध्ये सिनेगॉगपुरती गाडी मान्य केली.

पुढे इस्राएलला जाऊन मुलांची लग्नं तिथे लावायची असतील, तर तो कारभार ऑर्थोडॉक्स रब्बीनेटच्या (धर्मगुरूंच्या अधिकृत मंडळाच्या) हातात आहे. इथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह किंवा रिफॉर्म रब्बीने केलेलं धर्मांतर ते धरत नाहीत. १९६०च्या दशकात आपल्या लोकांच्याच वंशाची तिथे चौकशी झाली होती, १९६४ साली ती मिटली. जुन्या घरांत तो राग अजून आहे, त्यामुळे कागदपत्रं जपा: केतुबा (लग्नाचा करार), आजोबांच्या सिनेगॉगचं पत्र, सगळं.

हिब्रू येत नसेल, घरात दोन धर्म असतील, तर रिफॉर्म बघा. नवरा-बायको दोघांनाही आजोबांसारखीच प्रार्थना हवी असेल आणि चालत जायची तयारी असेल, तर ऑर्थोडॉक्स. प्रार्थना जुनीच हवी पण गॅलरी नको असेल, तर कॉन्झर्व्हेटिव्ह. बघायला मात्र शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळीच घरं पाहुण्यांसाठी आवरलेली असतात. मंगळवारी संध्याकाळी जा. एखाद्या ठिकाणी कुलूप दिसेल, तेही उत्तरच.