नॅशनल मॉडेल डिझाईन कोड: विलायती माप, सोलापूरची गल्ली

किंमत शून्य. दोन पीडीएफ, भाषा इंग्रजी, चित्रे भरपूर. इंग्लंडच्या गृहनिर्माण खात्याने २०२१ मध्ये काढलेला डिझाईन कोडचा, म्हणजे एखाद्या भागातल्या इमारती कशा बसाव्यात याच्या सचित्र अटींचा, हा नमुना कोणालाही उतरवून घेता येतो. पहिल्या पुस्तिकेत कोड कसा तयार करायचा ते आहे, दुसरीत काय काय मोजायचे आणि लिहायचे याची जंत्री. २०२३ च्या लेव्हलिंग-अप अँड रीजनरेशन कायद्याने तिथल्या प्रत्येक नियोजन प्राधिकरणाला आपल्या हद्दीसाठी असा कोड करायला सांगितले आहे. इथले परीक्षण २०२१ च्या आवृत्तीचे, आणि तेही सोलापूरच्या पेठांच्या नजरेने.

शुक्रवार पेठेत, साखर पेठेत, कसब्यात जुने माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर, उतरले की त्या जागी चार मजले उभे राहतात. नकाशा मंजूर, सगळे नियमात, आणि तरी इमारत शेजारच्या घरांत उपरी वाटते. हे कशामुळे होते, ते ही पुस्तिका फार नेमके दाखवते. तेवढ्यासाठी ती वाचावी. तिच्यातले आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नयेत.

खरा ऐवज आहे ‘बिल्डिंग लाइन’च्या, म्हणजे दर्शनी भिंतींच्या रेषेच्या भागात. आपली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे डिसेंबर २०२० पासूनची यूडीसीपीआर, ‘किमान’ आणि ‘कमाल’ या दोन शब्दांवर चालते: किमान इतके मागे सरका, कमाल इतके चटईक्षेत्र वापरा. या दोन टोकांच्या मध्ये इमारत कुठेही बसली तरी चालते. डिझाईन कोड सांगतो की भिंत नेमकी या रेषेवर यावी आणि दर्शनी लांबीचा इतका टक्के भाग रेषेवरच असावा. फरक छोटा दिसतो, पण गल्लीचे वळण त्यावरच ठरते. कोणी एक मीटर मागे, कोणी तीन मीटर मागे सरकले की रेषा दात पडल्यासारखी होते, आणि त्या फटींत दुचाक्या, वाळूचे ढीग आणि कचरा येऊन बसतो.

आपल्याकडे हे दात नियमानेच पडतात. दाट वस्तीत साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्लीवर बांधायचे तर गल्लीच्या मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर सोडावे लागतात. गल्ली ३.६ मीटरची असेल तर मध्यापासून कडेपर्यंत १.८ मीटर, म्हणजे नवे घर ०.४५ मीटर मागे जाणार. हेतू चांगला आहे, उजेड-वारा मिळावा आणि रस्ता हळूहळू रुंद व्हावा. पण वीस घरांपैकी तीनच घरे पुन्हा बांधली गेली तर तीन ठिकाणी अर्ध्या मीटरचे खळगे उरतात, आणि पुढची तीस वर्षे ते खळगेच असतात. यावर पुस्तिकेत उत्तर नाही, पण तिच्या पद्धतीने ते लिहिता येते: सव्वादोन मीटरची रेषा ‘किमान’ न ठेवता ‘नेमकी’ करा, आणि सुटलेल्या ४५ सेंटिमीटरच्या पट्टीत रस्त्याच्या पातळीला शहाबादी फरशी सक्तीची करा. पायरी, जाळी, कुंडी, मीटरची पेटी, काहीही त्या पट्टीत नको. विकास आराखड्यात त्याच गल्लीवर रुंदीकरणाची वेगळी रेषा असेल तर आधी ती निकालात काढावी लागते. दोन रेषा एकाच गल्लीवर ठेवल्या तर मालक सोयीची तेवढी निवडतो.

कोड करण्याचे सात टप्पे पहिल्या पुस्तिकेत आहेत: व्याप्ती, सद्यस्थिती, दृष्टी, क्षेत्रांचा नकाशा, मोठ्या जागांचे आराखडे, मग क्षेत्रवार अटी आणि सर्वांना लागू अटी. ‘दृष्टी’च्या टप्प्यावर फार वेळ घालवू नये, तिथे सभा होतात आणि ‘आपली समृद्ध परंपरा’ असे शब्द कागदावर येतात. वेळ द्यायचा तो सद्यस्थितीला, म्हणजे मोजणीला.

मोजणीसाठी एक पेठ, तीन गल्ल्या, चाळीसेक घरे पुरतात. दोन माणसे, लेझर टेप, साधी पाच मीटरची टेप आणि नगर भूमापनाचा नकाशा. प्रत्येक घराची दर्शनी रुंदी, गल्लीच्या मध्यापासून भिंतीचे अंतर, ओट्याची उंची आणि खोली, तळमजल्याची व एकूण उंची, दर्शनी भिंतीत दारे-खिडक्यांचा टक्का, सज्जा किती बाहेर आणि जमिनीपासून किती वर, एवढे टिपा. सरासरी काढू नका. ओळीतली एकच सहा मजली इमारत सरासरी बिघडवते. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. आणि ओटा मोजताना मिळकत पत्रिका हातात ठेवा. कित्येक ओटे महापालिकेच्या जागेत आलेले असतात. ते ‘पेठेचे वैशिष्ट्य’ म्हणून कोडात शिरले तर अतिक्रमणाला चित्रासह मान्यता दिल्यासारखे होईल, आणि पहिल्याच हरकतीत सगळा कोड अडकेल.

अशा मोजणीतून एका गल्लीचे एक पान कसे तयार होते ते पाहू. समजा भूखंडाची दर्शनी रुंदी ६ मीटर आहे. ओटा भूखंडाच्या आतच, ०.७५ मीटर खोल आणि ४५ सेंटिमीटर उंच, म्हणजे म्हातारे माणूस टेकेल इतका. साठच्या वर गेला की ओट्यावर कोणी बसत नाही, फक्त कुंड्या बसतात. ओट्याला काळ्या दगडाची कड, वर शहाबादी. भिंत ओट्याच्या मागे, ८० टक्के लांबी एका रेषेत. इथे मालक लगेच हिशेब मांडतो: ०.७५ गुणिले ६, साडेचार चौरस मीटर गेले. तक्रार रास्त आहे. म्हणून वरचा मजला ओट्यावर पुढे आणू द्यायचा, जुन्या घरांत तो लाकडी खांबांवर यायचाच. ओट्याला सावली मिळते, मालकाला वर जागा मिळते. दर्शनी भिंतीत उघडा भाग तीस ते चाळीस टक्के. खिडक्या उभ्या, रुंदीच्या दीडपट तरी उंच. ‘हेरिटेज लुक’ हा शब्द कोडात कुठेही नको. तो लिहिला की सिमेंटच्या कमानी आणि फायबरचे हत्ती येतात. प्रमाण लिहा, शैली मालकावर सोडा.

याच सहा मीटरच्या दर्शनी भागावर पार्किंगचा घोळ सर्वांत स्पष्ट दिसतो. खांबांवर उभ्या इमारतीखालचे पार्किंग चटईक्षेत्रात धरले जात नाही, त्यामुळे तळमजला मोकळा सोडण्याकडे कल असतो. फाटक तीन मीटर, जिना सव्वा मीटर, उरले पावणेदोन. तेवढ्यात मीटरची खोली, पाण्याची मोटर आणि एक शटर. रस्त्यावरून दिसतात ते काळोखे खांब. अशी पाच घरे सलग आली की संध्याकाळी त्या गल्लीत दारात बसलेले माणूस दिसत नाही. कोडाची अट अशी हवी: एका भूखंडाला एकच फाटक, तीन मीटरपेक्षा मोठे नाही, सहा मीटरपेक्षा अरुंद भूखंडाला चारचाकीचे फाटकच नाही, फक्त दुचाकीसाठी १.२ मीटरची वाट. मग त्या घरांच्या गाड्या जातील कुठे? पेठेत एखादी पडीक जागा सामायिक वाहनतळ म्हणून आधी मुक्रर केल्याशिवाय ही अट लिहू नये, नाहीतर गाड्या गल्लीतच उभ्या राहतील.

आता जिथे पुस्तिका सोलापूरला सरळ चुकते ती जागा. तिच्या अनेक शिफारशींच्या मागे उजेडाची भूक आहे. लंडन ५१.५ अंश उत्तरेला. डिसेंबरात दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो, म्हणून इमारतींमध्ये अंतर हवे, ऊन आत यायला हवे. सोलापूर १७.७ अंशावर. डिसेंबरातल्या दुपारीही सूर्य ४९ अंश वर, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर थेट डोक्यावर. पारा चाळिशी ओलांडलेला असताना गल्लीची अरुंदी हा दोष नसून सोय आहे. मात्र भर दुपारी भिंतीची सावली पडत नाही, सावली पडते ती सज्ज्याची. म्हणून इथे सज्जा सक्तीचा लिहावा: ०.६ मीटर बाहेर, खाली तीन मीटर मोकळे. पश्चिमेच्या भिंतीला काच आणि एसीपीच्या (ॲल्युमिनियमच्या थराच्या) पत्र्याचे आवरण नको. नव्या पेठेत अशी दुकाने आहेत, आणि त्यांच्या एसीची बाहेरची पेटी गरम हवा थेट पादचाऱ्याच्या तोंडावर सोडते. पेटी जमिनीपासून किमान अडीच मीटर वर, एवढे एक वाक्य कोडात असते तर पुरे होते.

पुस्तिकेत ‘वापर’ या प्रकरणात घर आणि काम एकत्र असण्याचे कौतुक आहे, पण त्या कामाचा अर्थ बहुतेक लॅपटॉप. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात काम म्हणजे यंत्रमाग. तिथे खालच्या खणाचे माप माग ठरवतो: नक्षी विणणारा जेकार्ड मागाच्या डोक्यावर बसतो, म्हणून छत उंच लागते, सूत गुंडाळलेले बीम आत न्यायला दार रुंद आणि उंबरा सपाट लागतो, खडखडाट शेजारी जातो तो सामाईक भिंतीतून, कारण मागाचे पाय थेट त्याच जोत्यावर असतात. कोडात मागाचा खण हा वेगळा प्रकार म्हणून लिहायला हवा. मागाची बैठक भिंतीपासून सुटी, बीमचे दार किमान १.५ मीटर, गल्लीकडची खिडकी डोळ्याच्या वर. हे न लिहिता नुसता ‘निवासी’ शिक्का मारला की माग बेकायदा ठरतो, पण बंद मात्र होत नाही.

पाण्याचेही तसेच. इथे पाणी काही दिवसांआड येते. म्हणून दारात हौद आणि छतावर काळी टाकी हा घराचाच भाग आहे. विलायती पुस्तिका पावसाचे पाणी जिरवायला छान शिकवते, पण नळाचे पाणी साठवायच्या टाकीला तिच्यात जागा नाही. हजार लिटर म्हणजे एक टन. जुन्या माळवदावर ती तुळईच्या मध्यावर ठेवली की तुळई झोळ घेते, वरच्या पांढऱ्या मातीला भेग पडते आणि पुढच्या पावसात तिथूनच गळती. टाकी दोन भिंतींच्या कोपऱ्यावर, खाली भार वाटणारी चौकट, आणि कठड्याच्या मागे किमान दीड मीटर, म्हणजे गल्लीतून दिसत नाही.

आणखी एक ओळ कोणत्याही नमुन्यात सापडणार नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून जुन्या शहरातून निघतात. ध्वजाची काठी तीस फुटांच्या आसपास, त्यात पेलणाऱ्याच्या कमरेची उंची मिळवा. म्हणजे मिरवणुकीच्या मार्गावर रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात साडेदहा मीटरपर्यंत कमान, आडवी केबल, बाहेर आलेला फलक काहीही नको. दरवर्षी यात्रेआधी तारा वर उचलण्यापेक्षा मार्गावरच्या भूखंडांच्या पानावर ही उंची छापलेली बरी.

हे सगळे कायद्यात बसवायला नवा कायदा लागत नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात ठरावीक क्षेत्रासाठी इमारतींची उंची, मजले आणि ‘स्वरूप’ यांवर अटी घालण्याची तरतूद आहे. मंजूर आराखड्यात पुढे भर घालायची तर कलम ३७: राजपत्रात व वर्तमानपत्रांत नोटीस, महिनाभर हरकती-सूचना, मग शासनाची मंजुरी. अडचण त्यानंतरची. परवानगीचे ऑनलाइन सॉफ्टवेअर नकाशातले लेअर वाचते. ‘परिसराशी सुसंगत’ हे त्याला वाचता येत नाही, ‘दर्शनी रेषेवर ८० टक्के’ हे येते. त्यामुळे प्रत्येक अटीला एक लेअर आणि एक आकडा हवाच. शिवाय दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांची छाननी यूडीसीपीआरने हलकी केली आहे, आणि पेठांतले बरेच भूखंड त्याच मापाचे. म्हणजे कोड शेवटी वाचणार तो मालक आणि मिस्त्री. मिस्त्रीची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असू शकते, म्हणून चित्रे आधी, मजकूर नंतर. याबाबतीत ही पुस्तिका खरोखर चांगला कित्ता आहे. तिच्यातली छेदचित्रे, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारी चित्रे, शब्दांशिवाय कळतात.

कोणी घ्यावी? पेठेतल्या जुन्या घरांची कामे करणाऱ्या आर्किटेक्टने, नगररचना विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याने, एखाद्या जागरूक पेठ मंडळाने. जुळे सोलापूर किंवा हद्दवाढ भागातल्या मोकळ्या लेआउटसाठी तिच्यातली उपनगरांची पाने जास्त जवळची आहेत. छापायची असेल तर पहिली पुस्तिका पूर्ण आणि दुसरीतले ‘बिल्ट फॉर्म’ तेवढे, ए३ वर. ए४ वर छेदचित्रांतली मापे वाचता येत नाहीत.