स्फिंक्स-डिझाइनचे टॅब: इन्स्टॉलेशनच्या पानांसाठी काही महिने वापरल्यावर

स्फिंक्सवर, म्हणजे साध्या मजकूर-फाइलींपासून डॉक्युमेंटेशनची पानं बनवणाऱ्या साधनावर, काम करणाऱ्यांना स्फिंक्स-डिझाइन या एक्स्टेन्शनचे टॅब-सेट (टॅबचा गट) आणि टॅब-आयटम (त्यातला एकेक टॅब) माहीत असतातच, त्यामुळे जास्त ओळख करून देत बसत नाही. लिनक्स, मॅकओएस, विंडोज असे तीन टॅब, प्रत्येकाला सिंकची की (टॅब एकमेकांशी जोडणारं नाव), एका ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) निवडली की पानावरच्या बाकी टॅब-सेटमध्येही तीच निवडली जाते. बसवायला सोपं, दिसायला सुटसुटीत. सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. मग इश्यू ट्रॅकरवर एकच एरर पुन्हा पुन्हा यायला लागली: ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’. तिचं उत्तर पानावर होतं, पण लोकांना ते सापडत नव्हतं.

ही एरर पेप 668 या पायथनच्या नियमामुळे येते. डेबियन 12 किंवा उबुंटू 23.04 पासून पुढे, ओएसच्या पायथनमध्ये थेट पिप इन्स्टॉल (पायथनची पॅकेजं बसवणारी कमांड) करायला गेलं की पिप नकार देतो. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (कामापुरतं वेगळं पायथन, म्हणजेच व्हेन्व) बनवावं लागतं, आणि डेबियन-उबुंटूवर त्यासाठी पायथन3-व्हेन्व हे वेगळं पॅकेज एपीटीने (तिथल्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरने) घ्यावं लागतं. लिनक्सच्या टॅबमध्ये हे सगळं व्यवस्थित दिलेलं. पण तक्रार करणारे बरेचसे डब्ल्यूएसएलवाले, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवणारे निघाले. मशीन विंडोजचं म्हणून त्यांनी टॅब विंडोजचा उघडला, आणि टर्मिनलमध्ये मात्र उबुंटू. कंट्रोल-एफ दाबून एरर शोधली तर शून्य निकाल, कारण बंद टॅबमधला मजकूर सीएसएसने लपवलेला असतो आणि लपवलेल्या मजकुरात ब्राउझर शोधतच नाही.

स्फिंक्सच्या स्वतःच्या सर्चमध्ये तर आणखी चिडचिड होते. त्याच्या इंडेक्समध्ये सगळ्या टॅबचा मजकूर असतो, त्यामुळे निकालात पान दिसतं, क्लिक करून जावं तर तिथे शोधलेलं वाक्यच नाही. ट्यूटोरियल लोक वरून खाली वाचतात. इन्स्टॉलेशनचं पान कुठेतरी अडल्यावर, हातात एरर घेऊन उघडतात. अशा पानावर मजकूर लपवणं मला मान्य नाही, मग टॅब कितीही देखणे असोत.

त्यातच दुसरी अडचण: आरएसटीमध्ये (स्फिंक्सची पानं ज्यात लिहितात त्या पद्धतीत) टॅबच्या आत सेक्शनचं शीर्षक चालत नाही, बिल्डमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड सेक्शन टायटल’ येतं. शीर्षक नाही म्हणजे अनुक्रमणिकेत नोंद नाही. मग ‘फेडोराची तिसरी पायरी बघा’ एवढं सांगायलाही धड लिंक देता येत नाही.

इथपर्यंत वाचून टॅब काढून टाका असंच मी म्हणणार असं वाटेल. माझंही मत तसंच होत चाललं होतं, पण पुढच्या वापरात ते बदललं. फरक एका ओळीचा असेल तिथे टॅबला तोड नाही. फक्त टॅबवर ओएसचं नाव नको, शेलचं (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचं) हवं: ‘बॅश किंवा झेडशेल’, ‘पॉवरशेल’, ‘सीएमडी’. कमांड बिघडते ती बहुतेकदा शेलमुळे. लांब कमांड पुढच्या ओळीवर न्यायची तर बॅशमध्ये \, पॉवरशेलमध्ये ` आणि सीएमडीमध्ये ^ लागतं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल 5.1 मध्ये कर्ल (डाउनलोडची कमांड) हे इन्व्होक-वेबरिक्वेस्टचं टोपणनाव आहे, त्यामुळे बॅशचे पर्याय तिथे चालत नाहीत, कर्ल.ईएक्सई असं पूर्ण नाव द्यावं लागतं. व्हेन्व सुरू करायची स्क्रिप्ट पॉवरशेलमध्ये एक्झिक्युशन पॉलिसी अडवते, ती ओळही त्याच टॅबमध्ये हवी. आणि डब्ल्यूएसएलवाल्याला आपण बॅशमध्ये आहोत हे ठाऊक असतंच, त्यामुळे तो बरोबर टॅब उघडतो.

काही ठिकाणी टॅबची गरजच पडत नाही. पॅकेजच्या नावापुढे चौकटी कंसात एक्स्ट्रा (पॅकेजचा ऐच्छिक भाग) लिहिलं की झेडशेल ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणून थांबतं, आणि 2019 च्या कॅटालिनापासून मॅकवर झेडशेलच डीफॉल्ट आहे. एकेरी अवतरणचिन्हं लावली तर सीएमडीत गडबड होते. दुहेरी लावली की चारही शेलमध्ये तीच ओळ चालते.

बाकी सगळ्यासाठी वेगळी पानं, आणि तीही पॅकेज मॅनेजरप्रमाणे. ‘लिनक्स’ नावाचं एकच पान कुणाच्याच कामाचं नाही. डेबियनवर बिल्ड-इसेन्शियल आणि लिब-एसएसएल-डेव्ह, तर फेडोरावर जीसीसी आणि ओपनएसएसएल-डेव्हेल; अल्पाइनवर मसल ही वेगळी सी लायब्ररी असल्याने मेनीलिनक्सचे व्हील (आधीच तयार केलेली पॅकेजं) चालत नाहीत, मसललिनक्सचे, म्हणजे मसलसाठी बनवलेले, नसतील तर कंपाइल करावं लागतं. सगळीकडे सारख्या असलेल्या पायऱ्या एका फाइलमध्ये ठेवून इन्क्लूड कराव्यात. त्या फाइलचं एक्स्टेन्शन .टीएक्सटी किंवा .इंक ठेवा. .आरएसटी ठेवलं तर स्फिंक्स तिला स्वतंत्र पान समजतो आणि टॉकट्रीत (पानांच्या अनुक्रमात) नसल्याची वॉर्निंग देत राहतो. आत लेबल (लिंकसाठी दिलेलं नाव) असेल तर डुप्लिकेट लेबलची वॉर्निंगही.

कॉपीबटण (कोडवर कॉपीचं बटण देणारं एक्स्टेन्शन) वापरत असाल तर एक सेटिंग तपासाच. प्रॉम्प्ट (टर्मिनलमध्ये कमांडच्या आधी दिसणारी खूण) म्हणून $ दिला की ते फक्त प्रॉम्प्ट असलेल्या ओळी कॉपी करतं. \ ने तोडलेल्या कमांडची पुढची ओळ गळते आणि वाचणाऱ्याला अर्धी कमांड मिळते. त्यासाठी कॉन्फिगरेशनमध्ये लाइन कंटिन्युएशन कॅरॅक्टर वेगळं द्यावं लागतं. सोपा उपाय म्हणजे इन्स्टॉलेशनच्या पानांवर प्रॉम्प्ट लिहायचाच नाही. कोड-ब्लॉकमध्ये व्हर्जनचं सबस्टिट्यूशनही (चालू व्हर्जन नंबर आपोआप भरला जाणं) होत नाही. पार्स्ड-लिटरल या दुसऱ्या प्रकारच्या ब्लॉकमध्ये होतं, पण कोडचे रंग जातात. मी रंग सोडले, कारण जुना व्हर्जन नंबर कॉपी होणं जास्त महागात पडतं.

कमांड पानात हाताने लिहू नका. प्रत्येक पॅकेज मॅनेजरची एक स्क्रिप्ट ठेवा, पानात ती लिटरलइन्क्लूडने (फाइलचा मजकूर जसाच्या तसा आणणाऱ्या सूचनेने) स्टार्ट-आफ्टर आणि एंड-बिफोर लावून, म्हणजे कुठून कुठपर्यंत ते सांगून, आणा, आणि सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासणीत) तीच स्क्रिप्ट चालवा. गिटहबच्या तयार रनरवर (सीआय चालवणाऱ्या मशीनवर) मात्र भरवसा ठेवू नका. तिथे कंपायलर, पायथन आधीच बसवलेले असतात, त्यामुळे राहून गेलेलं पॅकेज कळतच नाही. डेबियन 12 च्या कोऱ्या कंटेनरमध्ये चालवली की लगेच कळतं. त्या कंटेनरमध्ये सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारं साधन) नसतं, म्हणून पहिल्याच ओळीवर स्क्रिप्ट पडेल. सीआयमध्ये आधी एपीटी अपडेट करून सुडो बसवा, स्क्रिप्टमधून सुडो काढू नका, कारण वाचणाऱ्याला ते लागणारच आहे.