आधी ‘सिम्प्सन्स’ की ‘फॅमिली गाय’?

अमेरिकन कार्टून कॉमेडी बघताना आपली एक पंचाईत होते. ही कुणाची तरी नक्कल चालली आहे एवढं कळतं, पण कुणाची ते कळत नाही. मूळ कविताच ठाऊक नसेल तर विडंबनाला हसणार कसं? म्हणून ‘सिम्प्सन्स’ आणि ‘फॅमिली गाय’ या दोन कार्टून मालिकांपैकी आधी कुठली बघू, असं कुणी विचारलं की मी एवढंच बघतो : मूळ सिनेमा न बघताही विनोद उरतो का?

‘सिम्प्सन्स’चा (सुरुवात १९८९) १९९३ मधला ‘केप फिअर’वरचा भाग घ्या. दिग्दर्शक स्कोर्सेसीच्या त्या १९९१ च्या सिनेमातला खलनायक गाडीच्या पोटाला चिकटून पाठलाग करतो. इथे सिम्प्सनांच्या पोराच्या, बार्टच्या जिवावर उठलेला साइडशो बॉबही तेच करतो, आणि बार्टचा बाप होमर गाडी थेट निवडुंगात घालतो. पुढे बॉब गाडीखालून सरपटत बाहेर येतो, एक पाऊल टाकतो आणि दंताळ्यावर पाय! दांडा फाडकन तोंडावर. वळला, की पुन्हा दंताळं. असं नऊ वेळा. भाग लांबीला कमी पडला म्हणून ते ताणलं होतं म्हणे. तिसऱ्या वेळी हसू येतं, पाचव्याला पुरे वाटतं, सातव्याला आपण आडवे. स्कोर्सेसीचं नाव ऐकलेलं नसलं तरी.

‘फॅमिली गाय’चा (१९९९) खाक्या वेगळा. त्यातला कुटुंबप्रमुख पीटर म्हणतो, ‘हे तर त्या वेळेपेक्षा वाईट...’ आणि कथा सोडून भलतंच दृश्य सुरू. कुठली तरी जुनी जाहिरात, कुणी गायक. ओळखलं तर टाळी, नाहीतर कोरा चेहरा. ‘साउथ पार्क’ या आणखी एका कार्टून मालिकेने २००६ मध्ये यावर दोन भाग केले : हे विनोद म्हणे टाकीतले मॅनाटी (पाण्यातले गलेलठ्ठ सस्तन प्राणी) कल्पना लिहिलेले चेंडू ढकलून जुळवतात! खवचटपणा आहे, पण नेम चुकलेला नाही. ‘फॅमिली गाय’चा ‘ब्लू हार्वेस्ट’ (२००७) हा भाग मात्र जरूर बघा. पहिला ‘स्टार वॉर्स’ पीटरच्या कुटुंबाला घेऊन अथपासून इतिपर्यंत, तोही ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या ल्युकासफिल्म कंपनीच्या परवानगीने.

खुद्द ‘साउथ पार्क’ भाग सहा दिवसांत उरकतं, म्हणून ताज्या बातमीवर तुटून पडतं; जुने भाग बघायचे तर ती बातमी आठवायला हवी.

तेव्हा हॉलिवूड फारसं पाहिलं नसेल तर ‘सिम्प्सन्स’, तिसऱ्या सीझनपासून. ऐंशीच्या दशकातले अमेरिकन सिनेमे, मालिका तोंडपाठ असतील तर ‘फॅमिली गाय’. फक्त पोरं झोपल्यावर, हेडफोन लावून.